फॅरनहाइट: दोन थर्मामीटरना एकच आकडा दाखवायला लावणारा माणूस

घरात कुणाला ताप आला की आपण म्हणतो, १०१ आहे. आणि त्याच दिवशी बाहेर ऊन किती आहे हे सांगताना म्हणतो, ३८ आहे. एकाच घरात दोन वेगळी मापं चालतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग चुकून बदललं आणि पुण्यात १०० अंश दिसले, तरच आपल्याला आठवतं की फॅरनहाइट नावाचं काहीतरी असतं. शाळेत त्याचं सूत्र पाठ केलेलं असतं. ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. सूत्र लक्षात राहतं, माणूस राहत नाही.

डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइटची ओळख 'पाऱ्याचा थर्मामीटर बनवणारा' अशी करून दिली जाते. ते बरोबर आहे, पण माझ्या मते त्याचं मोठं काम ते नव्हे. आज तुम्ही पिशवीतलं दूध पिता, डब्यातला आमरस खाता, तेव्हा त्या कारखान्यात कुणीतरी वेळोवेळी तापमानाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करत असतं. म्हणजे सेन्सर दाखवतो तो आकडा खरा आहे की नाही, हे एखाद्या खात्रीच्या गोष्टीशी ताडून बघत असतं. ती खात्रीची गोष्ट कुठून आणायची आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, या प्रश्नाच्या मागे फॅरनहाइटने आयुष्य घातलं.

अळंबी आणि अटकेचा हुकूम

फॅरनहाइटचा जन्म २४ मे १६८६ चा, डान्झिग या बंदराच्या शहरातला. आज ते पोलंडमधलं ग्दान्स्क. घराणं व्यापाऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. आईचं नाव कॉन्कॉर्डिया, म्हणजे एकमत, जुळणी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे.

१४ ऑगस्ट १७०१ या एकाच दिवशी त्याचे आई आणि वडील दोघेही गेले. कारण होतं विषारी अळंबी. आपल्याकडेही पावसाळ्यात रानातली अळंबी आणून खाल्ल्यावर विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, तसलाच प्रकार. पंधरा वर्षांचा डॅनियल भावंडांत सगळ्यात मोठा. पालकांची जबाबदारी ज्यांच्याकडे आली, त्यांनी त्याला अ‍ॅमस्टरडॅमला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवलं. हिशोब शीक, माल ओळख, धंदा कर.

पोराचं लक्ष मात्र दुसरीकडेच. अ‍ॅमस्टरडॅममध्ये काच फुंकणारे आणि उपकरणं बनवणारे कारागीर होते. हा त्यांच्यात रमला. उमेदवारी संपली, पण व्यापारी काही झाला नाही. वडिलोपार्जित पैसा हातात यायला वेळ होता, म्हणून त्याच्या भरवशावर कर्ज काढून त्याने प्रयोग सुरू केले. पालक वैतागले. १७०७ मध्ये त्यांनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर पूर्वेकडे पाठवून देण्याची परवानगी मिळवली. ही तीच कंपनी, जिच्या वखारीचे अवशेष आपल्या वेंगुर्ल्यात आहेत. बिघडलेल्या मुलाला सुधारायचा त्या काळातला हा एक रुळलेला उपाय होता.

फॅरनहाइट हाती लागला नाही. बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन असा तो फिरत राहिला, कारागिरांना आणि प्राध्यापकांना भेटत राहिला. १७१० मध्ये तो चोवीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान झाला आणि ते प्रकरण मिटलं. पण त्याआधी, १७०८ मध्ये, तो कोपनहेगनला एका माणसाला भेटून आला होता. पुढचं सगळं त्या भेटीतून आलं.

रोमरकडची ती सकाळ

कोपनहेगनला ओले रोमर राहत होता. प्रकाशाला वेग असतो, तो क्षणात पोचत नाही, हे गुरूच्या चंद्राच्या निरीक्षणांवरून १६७६ मध्ये दाखवणारा खगोलशास्त्रज्ञ तो हाच. फॅरनहाइट गेला तेव्हा रोमर थर्मामीटरवर खुणा करत होता. पुढे अनेक वर्षांनी, १७२९ मध्ये, फॅरनहाइटने हा प्रसंग एका पत्रात लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला कळतो.

रोमरने काही थर्मामीटर बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवले आणि नळीत द्रव जिथे थांबला तिथे खूण केली. मग तेच थर्मामीटर अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवले, दुसरी खूण केली. दोन खुणांमध्ये जेवढं अंतर होतं, त्याच्या निम्मं अंतर बर्फाच्या खुणेच्या खाली मोजून तिथे शून्य धरलं. मग शून्यापासून अंगाच्या उष्णतेपर्यंत साडेबावीस भाग. बर्फ आला साडेसातवर.

ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. तेव्हा नव्हती. थर्मामीटर तर शंभर वर्षांपासून होते, पण प्रत्येकाचे आकडे स्वतःचे. फ्लॉरेन्सच्या कारागिरांनी एकसारखे दाखवणारे थर्मामीटर बनवले होते, पण ती जुळणी त्यांच्या हातातल्या कसबावर होती. ते कसब दुसऱ्या गावात पाठवता येत नव्हतं. रोमरच्या पद्धतीत नळी जाड असो की बारीक, काही बिघडत नाही. निसर्गातल्या दोन ठरलेल्या अवस्था घ्यायच्या, दोन खुणा करायच्या, मधलं अंतर समान वाटायचं. आजही कारखान्यातला तंत्रज्ञ दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन करतो ते असंच. फक्त खूण काचेवर न करता मेमरीत करतो.

फॅरनहाइटने ही कल्पना उचलली, पण साडेसात आणि साडेबावीस हे अपूर्णांक त्याला खुपत होते. त्याने सगळं चारने गुणलं. बर्फ ३०, अंग ९०. नंतर तेही बदलून ३२ आणि ९६ केलं. आमच्या कोडिंगवाल्या मंडळींना इथे लगेच काहीतरी दिसेल. ९६ वजा ३२ म्हणजे ६४. कंपासने अंतर निम्मं करत गेलं, की सहा वेळा निम्मं केल्यावर बरोबर एक अंश हाती येतो. ३२ अंशांचं अंतर पाच वेळा. काचेच्या नळीवर हाताने खुणा करणाऱ्या कारागिराला याहून सोयीचा आकडा शोधून सापडणार नाही. फॅरनहाइट स्केल विचित्र आहे असं आपण म्हणतो, कारण आपण ते दहाच्या हिशोबाने बघतो.

आणि शून्य? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान. नवसागर म्हणजे भांड्यांना कल्हई लावताना वापरतात तोच. नवसागराऐवजी मीठही चालतं, असं त्याने लिहिलं आहे. पॉट आइस्क्रीम करताना डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ घालतात, तेव्हा आपण साधारण फॅरनहाइटच्या शून्याच्या आसपास फिरत असतो, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या जवळ. मात्र हा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चांगला जमतो, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. आपला शून्य जरा हलतो, हे त्याला माहीत होतं.

दोन नळ्या

१७१४ मध्ये फॅरनहाइट हाले शहरात ख्रिस्टियान व्होल्फ या प्राध्यापकाकडे गेला आणि त्याला दोन थर्मामीटर दिले. पाऱ्याचे नव्हे, अल्कोहोलचे. व्होल्फने ते शेजारी ठेवले, थंडीत ठेवले, उबेत ठेवले. दोन्ही एकच आकडा दाखवत राहिले.

व्होल्फ इतका चकित झाला की त्याने यावर त्या काळातल्या मोठ्या नियतकालिकात, 'अ‍ॅक्टा एरुडिटोरम'मध्ये, लेख लिहिला. लेखाच्या लॅटिन शीर्षकात 'एकमेकांशी जुळणारे' थर्मामीटर असा शब्द होता, 'कॉन्कॉर्डंट'. त्याच्या आईचं नाव.

मला वाटतं, मोजमापाच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळत नाही. एकटा थर्मामीटर कधीच चुकीचा ठरत नाही, कारण त्याला खोटं पाडायला कुणी नसतं. दोन आले की प्रश्न सुरू होतो. आमच्याकडे दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसतील तर व्यवहारांचा क्रमच बिघडतो, म्हणून दोन्ही तिसऱ्या, अधिक विश्वासू घड्याळाशी जोडतात. दूध प्रक्रियेच्या कारखान्यातही तीच साखळी असते. पाइपमधल्या सेन्सरचा आकडा कारखान्यातल्या संदर्भ थर्मामीटरशी ताडतात, तो थर्मामीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊन येतो आणि त्या प्रयोगशाळेचं माप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचतं. साखळीतली एक कडी तुटली की शेवटच्या आकड्याला अर्थ नाही.

दुधाचं उदाहरण घ्या. सततच्या प्रवाहात पाश्चरायझेशन करताना दूध किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात. दूध त्याहून थंड असलं तर एक व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि ते दूध परत मागे पाठवतो. उत्तम व्यवस्था. पण व्हॉल्व्हला दूध दिसत नाही, त्याला सेन्सरचा आकडा दिसतो. सेन्सर दोन अंश वाढवून सांगत असेल, तर ७० अंशांचं दूध ७२ चं म्हणून पुढे जाईल. कुठलाही अलार्म वाजणार नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं.

उकळतं पाणी दगा देतं

१७१७ च्या सुमारास फॅरनहाइट हॉलंडमध्ये स्थायिक झाला. काचेची उपकरणं बनवून विकायची, आणि १७१८ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये रसायनशास्त्रावर पैसे घेऊन व्याख्यानं द्यायची, असं त्याचं पोट चालत होतं. विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी नाही. एक कारागीर, जो प्राध्यापकांना शिकवत होता.

गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाचं लेखन वाचताना त्याला कळलं होतं की पाणी उकळू लागलं की त्याचं तापमान पुढे वाढत नाही. ते स्वतः मोजून बघायचं त्याच्या मनात बसलं. अल्कोहोलच्या थर्मामीटरने ते होणार नव्हतं, कारण अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळतं. म्हणून पारा. पारा प्रसरण कमी पावतो, त्यामुळे नळी फार बारीक लागते, आणि तशी नळी बनवणं हे या माणसाचं खास कसब होतं. फुग्याऐवजी लांबट नळकांडं केलं, म्हणजे उष्णता पाऱ्यापर्यंत लवकर पोचते. पाणी २१२ अंशांवर उकळताना दिसलं.

इतर कुणी तिथेच थांबला असता. फॅरनहाइटने वेगवेगळ्या दिवशी मोजलं, आणि आकडा थोडा थोडा हलताना पाहिला. शेजारचा बॅरोमीटर बघितला तेव्हा उलगडा झाला. हवेचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं. मग त्याने हेच उलटं वापरून, उकळत्या पाण्यावरून हवेचा दाब सांगणारं उपकरणही सुचवलं.

आता हे पुण्यात आणून बघू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंचाण्णवच्या आसपास. समजा पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्यात कुणी नवखा तंत्रज्ञ पातेल्यात पाणी उकळतो, प्रोब बुडवतो, स्क्रीनवर ९८ दिसतं. प्रोब खरं सांगतोय. पण याच्या डोक्यात पुस्तकातला १०० बसलेला असतो. तो सेटिंगमध्ये जाऊन अधिक २ ची दुरुस्ती घालतो, तक्ता भरतो, सही करतो.

त्या क्षणापासून तो प्रोब खोटं बोलू लागतो. डबाबंद पदार्थ रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या दाबाच्या भांड्यात, १२१.१ अंशांना तापवतात. हा आकडा इतका विचित्र का? कारण तो मुळात २५० अंश फॅरनहाइट आहे. या तापमानाला साधारण ३ मिनिटांची उष्णता डब्याच्या अगदी मध्यापर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू मरतात, असा जुना हिशोब आहे. तापमान दहा अंश सेल्सिअसने घसरलं की मारक क्षमता दहापट कमी होते. दोन अंशांनी घसरलं तर उरते साधारण ६३ टक्के. म्हणजे आपल्या प्रोबने १२१ दाखवलं तेव्हा आत ११९ होते, आणि ३ मिनिटांचं काम झालं जेमतेम १.९ मिनिटांचं. बॉट्युलिझमचं विष चवीला, वासाला कळेलच असं नाही. अळंबीसारखंच.

कॅलिब्रेशन न केलेला सेन्सर निदान संशयित तरी असतो. चुकीचं कॅलिब्रेशन केलेल्या सेन्सरकडे प्रमाणपत्र असतं. म्हणून अमेरिकेतल्या डबाबंद अन्नाच्या नियमांत कित्येक दशकं प्रत्येक रिटॉर्टला पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर सक्तीचा होता. आलेख काढणारं यंत्र त्याच्याशी जुळवायचं, पण ते त्याच्यापेक्षा जास्त कधीच दाखवता कामा नये, अशी त्यातली अट आहे. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला व्हावी.

मग उकळत्या पाण्याऐवजी गोठणारं पाणी घ्यावं? फॅरनहाइटने तेही तपासलं. १७२१ च्या हिवाळ्यात त्याने काचेच्या भांड्यात पाणी घालून ते थंडीत ठेवलं. पाणी ३२ च्या बरंच खाली गेलं तरी द्रवच राहिलं. भांडं हललं, किंवा आत बर्फाचा कण पडला, की क्षणात आत बर्फाची जाळी पसरते आणि तापमान उडी मारून ३२ वर येतं. आज याला अतिशीतन म्हणतात आणि यूट्यूबवर पाण्याची बाटली आपटून लोक त्याचे व्हिडिओ टाकतात. कॅलिब्रेशनसाठी याचा अर्थ असा की गोठणाऱ्या पाण्याच्या भरवशावर राहू नका, वितळणाऱ्या बर्फावर राहा. अन्नाच्या कारखान्यात प्रोब तपासताना आजही तेच करतात. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटायचा, फटी भरण्यापुरतं थंड पाणी घालायचं, ढवळायचं, प्रोब मधोमध धरायचा. तळाला किंवा भांड्याच्या कडेला टेकवायचा नाही, आकडा स्थिर होईपर्यंत काढायचा नाही. शून्य यायला हवं. ही तपासणी तुम्ही घरच्या किचन थर्मामीटरवरही करू शकता, पुण्यात आणि महाबळेश्वरला एकच उत्तर येईल.

दोष पाऱ्याचा नव्हता

लायडनमध्ये हर्मान बूरहावं हा वैद्यक आणि रसायनशास्त्राचा युरोपभर गाजलेला प्राध्यापक होता. तो फॅरनहाइटचं मोठं गिऱ्हाईक. फॅरनहाइटने त्याला दोन थर्मामीटर करून दिले, एक पाऱ्याचा, एक अल्कोहोलचा. आणि ते जुळेनात. ज्याची सगळी कीर्तीच जुळणीवर उभी, त्याच्यासाठी ही मोठी नामुष्की.

फॅरनहाइटने शोध घेतला आणि कारण सांगितलं ते काचेचं. वेगवेगळ्या ठिकाणची काच वेगवेगळी प्रसरण पावते. आपण नळीतला द्रव फुगताना बघतो, पण नळीही फुगत असते. द्रवांचाही यात वाटा होता, कारण पारा आणि अल्कोहोल एकाच चालीने प्रसरण पावत नाहीत, हे नंतर स्पष्ट झालं. तरी काचेकडे बोट दाखवणं ही मोठी झेप होती. मोजणारं उपकरण स्वतःच मोजमापात भाग घेतं.

आजच्या कारखान्यात पाऱ्याचे काचेचे थर्मामीटर अन्नाजवळ सहसा येऊ देत नाहीत, फुटले तर काच आणि पारा दोन्ही अन्नात. त्याजागी पीटी १०० नावाचा सेन्सर असतो, प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम, म्हणून नाव १००. प्रत्येक अंशाला तो साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. आता या सेन्सरपासून पॅनलपर्यंत लांब वायर टाकली आणि तिचाच रोध १ ओहम भरला, तर पॅनलला वाटतं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. सेन्सर निर्दोष, चूक वायरची. म्हणून तिसरी वायर टाकून वायरचा रोध वजा करतात. आणि म्हणूनच सेन्सर काढून एकटाच प्रयोगशाळेत नेऊन तपासणं पुरेसं नसतं, वायर आणि पॅनलसकट सगळी साखळी जागेवर तपासावी लागते. बूरहावंच्या टेबलावरचा प्रश्न तीनशे वर्षांनी वायरच्या रूपाने परत येतो.

१७२४ मध्ये फॅरनहाइट लंडनला गेला. रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं आणि तिच्या नियतकालिकात त्याचे पाच छोटे लेख लॅटिनमध्ये छापले. आयुष्यभरात त्याने छापलेलं एवढंच. तोपर्यंत आपली पद्धत त्याने उघड केली नव्हती, कारण ती त्याची रोजीरोटी होती. आज आपण ओपन सोर्सच्या गोष्टी करतो तेव्हा त्याच्यावर नाराज होणं सोपं आहे. पण ज्याच्याकडे पगार नाही, त्याचं गुपित हाच त्याचा पगार.

त्या पाचांपैकी एक लेख हायड्रोमीटरबद्दल होता, द्रवात तरंगणारं काचेचं उपकरण. वर छोटं तबक, त्यात वजनं टाकत जायची, मानेवरच्या ठराविक खुणेपर्यंत उपकरण बुडेपर्यंत. किती वजन लागलं त्यावरून द्रवाची घनता. गावातल्या दूध संकलन केंद्रावर बरणीत तरंगणारा लॅक्टोमीटर याच कुळातला. त्यात वजनं टाकत नाहीत, तो किती बुडाला ते दांडीवर वाचतात. पण फॅरनहाइटला ठाऊक असलेली एक गोष्ट तिथे हमखास विसरली जाते: घनता तापमानाबरोबर बदलते. काही लॅक्टोमीटर ६० अंश फॅरनहाइटला बरोबर दाखवतात, आपल्याकडचे काही ८४ अंशांना. ६० वाल्यावर दूध एक अंश फॅरनहाइटने गरम असेल तर आकडा साधारण ०.१ ने कमी येतो. म्हणजे ८४ अंशांच्या दुधाला दुरुस्ती केली नाही तर जवळजवळ अडीच आकडे कमी. नुकतंच काढलेलं कोमट दूध घेऊन आलेल्या शेतकऱ्यावर पाणी घातल्याचा संशय यायला एवढं पुरतं.

हेग, १७३६

फॅरनहाइट श्रीमंत कधीच झाला नाही. हॉलंडचा बराच भाग समुद्र हटवून मिळवलेला, आपल्या कोकण-गोव्यातल्या खाजणांसारखा, तिथे पाणी उपसण्याचा प्रश्न कायमचा. त्यासाठी त्याने एक यंत्र योजलं आणि त्याच्या पेटंटसाठी १७३६ मध्ये हेगला गेला. तिथे आजारी पडला आणि १६ सप्टेंबरला वारला. वय पन्नास. गरिबांसाठी असलेल्या चौथ्या दर्जाच्या विधीने त्याला तिथल्या चर्चमध्ये पुरलं.

त्याचे थर्मामीटर मात्र धंद्यात शिरले. लंडनचा बिअर बनवणारा मायकेल कोम्ब्रून याने १७६२ मध्ये पुस्तक लिहून बिअरची प्रत्येक पायरी फॅरनहाइटच्या अंशांत सांगितली. त्याआधी पाणी पुरेसं गरम झालं की नाही हे हाताने, वाफेवरून, सवयीने ठरायचं. पदार्थ बनवणाऱ्या उद्योगात थर्मामीटरने पाय रोवले ते इथून.

त्याचं स्केलही नंतर दुरुस्त झालं. १७७७ मध्ये रॉयल सोसायटीच्या समितीने उकळबिंदूची खूण करताना हवेचा दाब किती असावा हे ठरवून दिलं, म्हणजे फॅरनहाइटने दाखवलेल्या अडचणीलाच नियम बनवलं. ३२ आणि २१२ हे दोन खुंटे पक्के झाले, आणि अंगाचं तापमान त्याच्या ९६ वरून वर सरकलं. आपल्याला पाठ असलेलं ९८.६ आणखी नंतरचं. जर्मन डॉक्टर वुंडरलिश याने १८६८ मध्ये सरासरी ३७ सेल्सिअस सांगितली, आणि ३७ चं रूपांतर केलं की ९८.६ येतं. तो दशांश चिन्हानंतरचा ६ मोजून आलेला नाही, गुणाकारातून आलेला आहे. तुमच्या डिजिटल थर्मामीटरवर ९८.९ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

फॅरनहाइटने स्वतः बनवलेले फार थोडे थर्मामीटर आज शिल्लक आहेत. त्यातले काही लायडनच्या विज्ञान संग्रहालयात बघायला मिळतात. संग्रहालयाला नाव आहे बूरहावंचं, त्याच्या गिऱ्हाइकाचं.